पाण्यावर उडवावयाचा पहिला ड्रोन

शाळेमागील खाडींत वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं कयाक वल्हविण्यास आरंभ केल्यापासून एक मागणी वारंवार कानांवर येत आहे. शाळेनें कॅमेऱ्याचा एक ड्रोन घ्यावा, म्हणजे सरावाचें व शर्यतींचें चित्रण वरून करतां येईल, अशी ती मागणी. तिच्या पाठोपाठ पालकांचीहि विचारणा सुरू झाली. "सर, मुलगा हट्ट धरून बसला आहे; पैसे घालावयाचेच तर कोणत्या यंत्रांत घालावे ?" असें कोणी विचारतात; "आखातांतून येतांना त्याचे मामा घेऊन येणार आहेत, कोणतें नांव कळवूं ?" असें आणखी कोणी. प्रत्येकास दारांत उभें राहून निरनिराळें उत्तर देण्यापेक्षां, शास्त्राच्या तासास फळ्यासमोर जसें सांगतों तसें येथें एकदांच सावकाश सांगावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

मागणी केवळ हौसेची नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. कांठावरून पाहणाऱ्यास होडीची एकच बाजू दिसते. वल्हें पाण्यांत कोठें शिरतें, कोठें बाहेर निघतें, दर वल्ह्यास होडीचें नाक किती डावें-उजवें होतें, दोघे मिळून वल्हवीत असतां दुसऱ्याचा हात पहिल्याच्या मागें किती राहतो, या गोष्टी वरूनच नीट दिसतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा, म्हणजे नौकांचा वार्षिक उत्सव, १९२८ सालापासून मुळा नदीच्या पात्रांत होत आला आहे. त्यांत होड्यांच्या ज्या रचना करून दाखवितात, त्यांची आकृति कांठावरील प्रेक्षकास तिरपी दिसते. वरून पाहणाऱ्यास ती कागदावर काढल्यासारखी दिसते. खेळांच्या चित्रणांत ड्रोनचा उपयोगहि आतां नवा राहिलेला नाहीं. २०१४ सालीं रशियांतील सोची येथें झालेल्या हिंवाळी ऑलिंपिकमध्यें बर्फावरच्या शर्यती ड्रोननें टिपल्या होत्या.

परंतु मुलें मजकडे येतात तीं सारीं कॅमेऱ्याविषयींच विचारतात. चित्र किती बारीक येतें, खोक्यावर ‘४के’ लिहिलें आहे कीं नाहीं, मंदगति चित्रण होतें काय, हे त्यांचे प्रश्न. जमिनीवर उडविणाऱ्यानें हे प्रश्न आधीं विचारले तर फारसें बिघडत नाहीं. ड्रोन पडला तर गवतांतून उचलून आणतां येतो, आणि पंखा मोडला तर नवा बसवितां येतो. पाण्यावर पडलेला ड्रोन मात्र बहुधा गेलाच, आणि त्याच्या पोटांतील चित्रणहि त्याच्याबरोबर गेलें. म्हणून माझें म्हणणें असें कीं, पाण्यावरचा पहिला ड्रोन घेतांना तो पाहतो कसा यापेक्षां तो स्थिर राहतो कसा आणि परत येतो कसा, हें आधीं विचारावें. कॅमेऱ्याचा प्रश्न त्यानंतरचा.

ड्रोन हवेंत एका जागीं उभा राहतो याचें आपणांस नवल वाटतें. चार पंखे हवा खालीं लोटतात व तिच्या प्रतिक्रियेनें यंत्र वर उचललें जातें, हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकलांच आहां. समोरासमोरचे दोन पंखे एका दिशेस व उरलेले दोन उलट दिशेस फिरतात, म्हणून यंत्र स्वतःभोंवतीं गरगरत नाहीं. परंतु एवढ्यानें तें केवळ अधांतरीं तरंगेल, एका जागीं राहणार नाहीं. जागा कळण्यास त्याला ज्ञानेंद्रियें लागतात, आणि तीं चार प्रकारचीं असतात. कलण्याची जाणीव घूर्णमापकापासून, म्हणजे जायरोस्कोपपासून, मिळते. पृथ्वीवरील ठिकाण उपग्रहांच्या संदेशांवरून समजतें. उंची हवेच्या दाबावरून काढतात. समुद्रसपाटीजवळ दाब एक मिलिबारनें उतरला म्हणजे यंत्र सुमारे साडेआठ मीटर वर गेलें, असा हिशेब असतो. आणि चौथें इंद्रिय म्हणजे पोटाखालीं बसविलेला लहानसा डोळा. तो खालच्या जमिनीचें चित्र क्षणोक्षणीं घेतो, आणि तें पुढें सरकलें तर आपण मागें सरकलों असें समजून यंत्रास जागेवर आणतो. त्याच्या जोडीला अवरक्त किरण खालीं सोडून, ते परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून, जमीन किती जवळ आहे हेंहि मोजलेलें असतें.

आतां खालीं जमिनीच्या जागीं पाणी आलें म्हणजे काय होतें तें पाहा. पावसाळ्यांत पुलावर उभे राहून कठड्यावरून एकटक खालीं वाहणारें पाणी पाहिलें म्हणजे पाणी थांबलें आणि पूलच उलट दिशेनें चालला, असें वाटूं लागतें. आपण कठडा धरलेला असतो म्हणून हंसून मागें सरतों. ड्रोनच्या पोटांतील डोळ्यास हाच भ्रम होतो, आणि त्याला धरावयास कठडा नसतो. लाट पुढें सरकली कीं तो तिच्यामागें सरकूं पाहतो. पाणी अगदीं निवांत असेल तर त्यावर खूणच सांपडत नाहीं, किंवा आभाळाचें प्रतिबिंब दिसतें. अवरक्त किरणांचेंहि तसेंच. त्यांतील कांहीं पाण्यांत शिरून नाहींसे होतात, कांहीं आरशावरून जावे तसे भलतीकडे उडतात. त्यामुळें पाणी किती खालीं आहे याची वार्ता चुकीची मिळते, आणि उतरावयाची जमीन समजून ड्रोन पाण्याकडे निघाला, असे प्रकार घडतात. कित्येक यंत्रांच्या माहितीपुस्तकांत पाण्यावर खालून उडवूं नये अशी सूचना छापलेली असते. ती सहसा कोणी वाचीत नाहीं.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, उपग्रहांचा आधार न घेणारें यंत्र पाण्यासाठीं मुळींच घेऊं नये. बाजारांत तीन-चार हजार रुपयांस मिळणारे, खोक्यावर मोठीं अक्षरें मिरविणारे खेळण्यांतले ड्रोन बहुधा याच जातीचे असतात. ते घरांत किंवा शाळेच्या सभागृहांत शिकण्यास उत्तम. पण खाडीवर गेले कीं त्यांना जागा सांगणारें कोणी उरत नाहीं, व वारा नेईल तिकडे ते जातात. वस्तु विकत घेण्यापूर्वीं दुकानदारास एवढेंच विचारावें कीं, संपर्क तुटला तर हें यंत्र आपण होऊन निघाल्या जागीं येतें काय ? तो गप्प राहिला किंवा पुन्हा कॅमेऱ्याचीच स्तुति करूं लागला, तर समजावें. दुसरी गोष्ट ही कीं, शिकाऊ मुलानें पाण्यावर निदान पांच-सहा मीटर उंची राखावी. पाण्याला चाटून जाणारीं चित्रें पाहून मोह होतो खरा. तीं अनुभवी हातांचीं असतात.

परत येण्याच्या युक्तींतहि पाण्यावर एक फसगत आहे. बॅटरी संपत आली अथवा हातांतील नियंत्रकाशीं संबंध तुटला म्हणजे चांगला ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढतो, जेथून उडाला त्या ठिकाणावर येतो आणि सरळ खालीं उतरतो. हें ‘घर’ त्यानें उड्डाणाच्या वेळीं एकदां मनांत टिपून ठेवलेलें असतें. आतां समजा, होडींतून ड्रोन उडविला. ओहोटीच्या ओढीनें होडी सेकंदास एक मीटर या मानानें वाहत आहे. पंधरा मिनिटांत ती ९०० मीटर दूर गेली. ड्रोन मात्र इमानानें आपल्या घरीं येतो, आणि घराच्या जागीं पाणी असतें ! कित्येक यंत्रांत हें घर मधून मधून बदलून देतां येतें. तरी नवख्यानें नेहमीं कांठावरूनच उडवावें आणि कांठावरच उतरवावें, हेंच बरें. शिवाय डोलणाऱ्या होडींत घूर्णमापकास आरंभीं जी स्थिरता लागते ती मिळत नाहीं, आणि होडींत इंजिन किंवा लोखंड असेल तर होकायंत्रहि बिघडतें. परतीची उंची ठरवितांना आसपासचे माड आणि मचव्यांच्या डोलकाठ्या ध्यानांत घ्याव्या. आमच्या कांठावर ती ४० मीटरांहून कमी ठेवूं नये.

यानंतर वाऱ्याचा विचार. येथें थोडें गणित करूं. एका लहान ड्रोनचा हवेंतील वेग सेकंदास १० मीटर आहे, आणि वारा सेकंदास ८ मीटर वाहत आहे. ड्रोन वाऱ्याच्या पाठीवर बसून ६०० मीटर गेला. त्याचा खरा वेग १८ मीटर पडला व तो ३३ सेकंदांत तेथें पोंचला. मुलगा खूष झाला. परत येतांना तोच वारा तोंडावर येतो. खरा वेग उरला दोन मीटर, आणि त्याच ६०० मीटरांस ३०० सेकंद, म्हणजे पुरीं पांच मिनिटें लागलीं. जाण्यास अर्धें मिनिट आणि येण्यास पांच ! वारा आणखी थोडा वाढून सेकंदास १० मीटर झाला तर ड्रोन परत येणारच नाहीं. पंखे फिरत असूनहि तो जागच्या जागीं झुंजत राहील, आणि बॅटरी संपली कीं खालीं बसेल.

किनाऱ्यावरच्या मुलांनीं या हिशेबांत भूगोलाचीहि भर घालावी. दुपारीं जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. रात्रीं व पहांटे जमीन निवते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारचा वारा जोराचा, म्हणून लोक त्याला भितात. आणि फार जोर असेल तर भ्यावेंच. पण समुद्राच्या दिशेनें उडविणाऱ्यास त्यांत एक सोय आहे. जातांना ड्रोनला वाऱ्याशीं झगडावें लागतें, येतांना वारा त्याला घरीं आणून सोडतो. पहांटेचा मतलई वारा सौम्य व गोड वाटतो, परंतु तो यंत्रास हळूच बाहेर नेतो आणि परतीच्या वाटेवर आडवा येतो. शिवाय कांठावर माडांच्या आडोशाला उभ्या असलेल्या मुलास वारा लागतच नाहीं. वर, उघड्या पाण्यावर, तो किती आहे हें त्याला कळत नाहीं. म्हणून पहिला वळसा नेहमीं वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून, जवळचा घ्यावा, आणि ड्रोन किती कलून उडतो तें पाहावें. जागीं उभा असतांहि तो फार कललेला दिसला तर उतरवावा. चित्रण उद्यां होईल.

विकणारे बॅटरीचा जो काळ सांगतात तो वारा नसलेल्या हवेंत, एका बेताच्या वेगानें उडवून मोजलेला असतो. खोक्यावर ३१ मिनिटें असलीं तर पाण्यावर वीस धरावीं, आणि बॅटरी ४० टक्क्यांवर आली कीं परत फिरावें. दोन जादा बॅटऱ्या घेण्यास जे पैसे लागतात, ते अधिक बारीक चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यावर घालण्यापेक्षां सत्कारणीं लागतात.

आतां पालकांसाठीं कायद्याचा भाग. आपल्या देशांत २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ड्रोनविषयींचे नियम झाले व २०२२ सालीं त्यांत दुरुस्ती झाली. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांस ‘नॅनो’ असें नांव आहे, व तें उडविण्यास चालकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. दोन किलोपर्यंतचें यंत्र धंद्यासाठीं नव्हे अशा कामास वापरलें तरीहि लागत नाहीं. प्रमाणपत्र मिळण्याचें वय १८ वर्षें आहे, म्हणून शाळकरी मुलाच्या दृष्टीनें हा वजनाचा आंकडा मोलाचा. नकाशांत हिरव्या दाखविलेल्या प्रदेशांत ४०० फुटांपर्यंत उडवितां येतें. विमानतळांच्या जवळ ही मर्यादा उतरते किंवा आधीं परवानगी घ्यावी लागते. नियम मोडणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. समुद्रांतील किल्ले, आरमाराचीं व तटरक्षक दलाचीं ठाणीं हीं आपल्या किनाऱ्यावर जागोजाग आहेत, तेव्हां नकाशा पाहिल्यावांचून आणि स्थानिक पोलिसांस विचारल्यावांचून यंत्र वर सोडूं नये. नियम वेळोवेळीं बदलतात. घेण्याच्या दिवशीं सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा वाचावे.

आणि आखातांतील मामांचें काय ? त्यांना कळवावें कीं ड्रोन आणूं नये. ९ फेब्रुवारी २०२२ च्या सरकारी अधिसूचनेनें परदेशांत तयार झालेल्या ड्रोनच्या आयातीस मनाई करण्यांत आली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरती सवलत आहे, तीहि परवानगीनें. भाच्यासाठीं प्रेमानें आणलेली वस्तु विमानतळावर जकातीच्या मेजावर राहावी, हें कोणालाच सुखाचें नाहीं. परदेशीं स्थायिक झालेले आमचे माजी विद्यार्थी हा लेख वाचतील, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या समोर निवड कशी उभी राहते हें एका जोडीवरून दाखवितों. डीजेआय या चिनी कंपनीचा ‘निओ’ हा ड्रोन १३५ ग्रॅमचा आहे. तो माणसाच्या मागें आपण होऊन उडतो, त्याच्या पंख्यांस कुंपण आहे, व किंमतहि कमी. त्याच कंपनीचा ‘मिनी ४के’ २४९ ग्रॅमच्या आंत बसतो. त्याला पाठलाग करतां येत नाहीं, तो हातानेंच चालवावा लागतो. जाहिरात पाहणारा पहिला उचलील. पण पहिल्याची वारा सोसण्याची मर्यादा सेकंदास ८ मीटर, दुसऱ्याची १०.७ मीटर, पहिल्याचा कॅमेरा एकाच अक्षावर तोललेला, दुसऱ्याचा तीन अक्षांवर. पाण्यासाठीं मी दुसरा घेईन. येथें राहणाऱ्यांनीं भारतांत तयार झालेल्या यंत्रांतच याच गुणांचा शोध करावा. २०२२ सालीं चेन्नईच्या गरुड एरोस्पेस या कंपनीनें ‘द्रोणी’ नांवाचा कॅमेऱ्याचा ड्रोन पुढें आणला होता, तेव्हां देशांत हा उद्योग नाहींच असें नव्हे. पंखे, बॅटरी व दुरुस्ती कोठें मिळते, याची चौकशी मात्र पैसे देण्यापूर्वीं करावी.

आपण होऊन मागें येणाऱ्या ड्रोनांविषयीं मुलांना फार आकर्षण असतें, म्हणून एक हकीकत सांगतों. २०१५ सालीं अमेरिकेंत ‘लिली’ नांवाच्या ड्रोनची जाहिरात झाली. हवेंत फेंकला कीं तो उडतो, पाण्यानें बिघडत नाहीं आणि मालकाच्या मागें फिरत चित्रें घेतो, असें त्याचें वर्णन होतें. लोकांनीं सुमारे साडेतीन कोट डॉलर आगाऊ भरले. २०१७ च्या जानेवारींत कंपनी बंद झाली, यंत्र ग्राहकांस मिळालेंच नाहीं. आणि जाहिरातींतील कांहीं चित्रण दुसऱ्याच ड्रोननें घेतलें होतें, असा आरोप सरकारी वकिलानें न्यायालयांत केला. त्यानंतर असे ड्रोन खरेच झाले, व चांगले झाले. तरी पाठलागाची विद्या चित्र ओळखण्यावर चालते. एकाच रंगाच्या चार होड्या जवळ आल्या, किंवा तुषारांत वल्हविणारा क्षणभर दिसेनासा झाला, तर यंत्र भलत्याच्याच मागें लागतें. शर्यतींत हेंच घडणार.

पाण्यांत पडूनहि न बिघडणारे ड्रोन आहेत. स्वेलप्रो कंपनीचे ‘स्प्लॅशड्रोन’ प्रसिद्ध आहेत. मात्र ते दोन किलोंच्या घरांत जातात, किंमतीनें जड असतात, आणि वजनामुळें वरील सवलती त्यांना लागू होतीलच असें नाहीं. पहिल्या यंत्रासाठीं ते नव्हेत. लहान ड्रोनला तरंगण्यासाठीं फेसाचे गोळे बांधतात. त्यांनीं वजन २५० ग्रॅमच्या वर जातें आणि वारा अधिक धरतो, म्हणून तेंहि मला पसंत नाहीं.

राहिला कॅमेरा, आणि त्याविषयीं थोडक्यांतच सांगतों. ‘४के’ म्हणजे एका चित्रांत सुमारे ८३ लक्ष ठिपके. शाळेच्या पडद्यास ते पुष्कळ झाले. त्याहून महत्त्वाची ती कॅमेरा तोलून धरणारी चौकट, जिला गिंबल म्हणतात. यंत्र वाऱ्यांत डुलतें तेव्हां ती उलट हलून चित्र स्थिर ठेवते, आणि पाण्यावर ती तिन्ही अक्षांची असावी. क्षितिजाची रेघ वांकडी झाली कीं पाहणाऱ्यास लगेच खटकतें. वल्ह्याची फेंक अभ्यासावयाची असेल तर सेकंदास ६० चित्रें घेण्याची सोय असावी, म्हणजे निम्म्या गतीनें पाहतां येतें. पाण्याची चकाकी घालविण्यास ध्रुवक कांच मिळते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आहे, म्हणून लंबाशीं सुमारे ५३ अंशांनीं परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, आणि त्या कोनांतून पाहिलें तर ही कांच बहुतेक चकाकी गाळते. वल्ह्याचें पातें पाण्याखालींहि दिसूं लागतें. दहावीच्या वर्गानें हा कोन प्रयोगशाळेंत काढून पाहावा.

पाण्यांतील माणसांचा विचार मुद्दाम स्वतंत्र ठेवला आहे. २०१४ च्या एप्रिलमध्यें ऑस्ट्रेलियांतील जेराल्डटन येथें एका ट्रायथ्लॉन शर्यतीचें चित्रण करणारा ड्रोन कोसळला व धावणाऱ्या एका स्पर्धक स्त्रीच्या डोक्यास जखम झाली. पुढच्याच वर्षीं डिसेंबरांत इटलींत बर्फावरील शर्यतींत मार्सेल हिर्शर या नामांकित खेळाडूच्या अगदीं पाठीमागें एक मोठा कॅमेरा-ड्रोन आदळला, आणि जागतिक संघटनेनें आपल्या शर्यतींत त्यांना बंदी केली. हे शिकाऊ लोकांचे ड्रोन नव्हते. तेव्हां आमच्या खाडींत नियम असा राहील : ड्रोन होडीच्या बाजूनें उडेल, माणसाच्या डोक्यावरून कधींहि नाहीं. उडविणाऱ्याजवळ दुसरा एक मुलगा उभा राहील. एकाचे डोळे पडद्यावर, दुसऱ्याचे आकाशांतील यंत्रावर व घारींवर. आपल्या किनाऱ्यावरील घारी ड्रोनवर झडप घालतात, विशेषतः वीणीच्या दिवसांत. आणि यंत्र पाण्यांत पडलें तर त्याच्यामागें कोणीहि उडी घालावयाची नाहीं, मग तें कोणाच्याहि पैशाचें असो. ओहोटीच्या वेळीं खाडीचें तोंड किती ओढतें हें कोळ्यांच्या मुलांस विचारा. पालकांनींहि ही गोष्ट घरीं आधींच बोलून ठेवावी. ड्रोन बुडाला तर मार बसेल या भीतीनें मूल पाण्यांत शिरूं नये.

शाळेपुरतें माझें मत मागाल तर असें आहे. २५० ग्रॅमच्या आंतला, उपग्रहांचा आधार घेणारा, तीन अक्षांच्या गिंबलचा, आपण होऊन परतणारा व येथें रीतसर विकला गेलेला ड्रोन आमच्या वर्गणींत मिळत असेल तर घ्यावा, त्याची नोंदणी शाळेच्या नांवें करावी, आणि पहिले दोन महिने तो मैदानावरच उडवावा. चुन्यानें होडीएवढी चौकट आंखून, तिच्याभोंवतीं एकाच उंचीवर, नाक सतत चौकटीकडे ठेवून, दोन्ही बाजूंनीं वीस फेऱ्या न चुकतां ज्याला घालतां येतील, त्यानें खाडीवर यावें. असा ड्रोन मिळत नसेल तर घाई नाहीं. शर्यतीच्या दिवशीं प्रमाणपत्र असलेला व्यावसायिक बोलवावा, आणि रोजच्या सरावास धक्क्यावरून लांब बांबूच्या टोकास लहान कॅमेरा बांधून पुढें धरावा. गेल्या महिन्यांत मुलांनीं तसें करून पाहिलें, आणि उजव्या हाताचें वल्हें उशिरां उचलण्याची एकाची खोड त्यांतच सांपडली.

खाऱ्या हवेची काळजी घेणें हें रोजचें काम आहे. उड्डाणानंतर गोड्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें अंग व पंखे पुसावे, कोरडे करावे, आणि हरएक पंखा बोटानें हळूच फिरवून आंत वाळूची कुरकुर लागते काय तें पाहावें. वाळूवरून थेट उडवूं नये. लांकडी फळी किंवा जाड चटई पसरावी. पेटींत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या. समुद्राच्या पाण्यांत पडलेली बॅटरी वाळली तरी पुन्हा भारित करूं नये, कारण ती मागाहून पेट घेऊं शकते. ती घराबाहेर वाळूच्या बादलींत ठेवावी, आणि विजेच्या वस्तूंचा कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन करावी.